अकरा संध्याकाळींना पुरेल इतकंच घ्या

पत्र:

ताई, आमचं स्ट्रिंग क्वार्टेट सहा वर्षांचं आहे: दोन व्हायोलिन, एक चेलो, आणि मी व्हिओला वाजवतो. पहिल्यांदाच मोठा दौरा ठरलाय, 19 दिवसांत 11 कार्यक्रम. पण काय वाजवायचं तेच ठरत नाहीये. पहिल्या व्हायोलिनला बीथोव्हनचं ओपस (रचना क्रमांक) 131 आणि शूबर्टचं 'डेथ अँड द मेडन' हवंय. दुसऱ्या व्हायोलिनवालीला बार्टोकचं चौथं क्वार्टेट, चेलोला शोस्ताकोविचचं आठवं. मला राव्हेल, आणि त्याहून जास्त यानाचेकचं 'इंटिमेट लेटर्स'. सगळ्यांचं मन राखायला आम्ही चार वेगवेगळे कार्यक्रम आखले, सुरुवातीला कुठे हायडन, कुठे मोझार्ट. दोन आयोजक म्हणतात, 'लोकांच्या ओळखीचं काहीतरी हवं.' एका ठिकाणी मध्यंतराशिवाय तासाभराचाच कार्यक्रम आहे. एक जागा दगडी चर्च आहे, तिथे आवाज फार घुमतो. परवा तालमीत वाद इतका वाढला की चेलोवाला उठून गेला. काय करू?

– चौघांतला व्हिओला

उत्तर:

प्रिय चौघांतल्या व्हिओला,

मला ताई म्हटलंयस, तेव्हा मीही तुला हक्काने एकेरीच लिहिते. चेलोवाला उठून गेला याने घाबरून जाऊ नकोस. ज्याला फिकीर नसते तो मान डोलावून मोकळा होतो, उठून जात नाही. तुम्हा चौघांनाही या संगीताची मनापासून ओढ आहे, हे तुझ्या पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. त्या ओढीला शिस्त कशी लावायची, एवढाच प्रश्न आहे.

मी मोजलं. तुमच्या चार कार्यक्रमांत मिळून आठ रचना होतात. अकरा संध्याकाळींसाठी त्या फार झाल्या. पाच घ्या. तीन घरी ठेवा, आणि त्या तिनांत तुझं यानाचेकही असेल हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना आशा धरून बसणार नाहीस. कारण खाली सांगते.

मी चेलोवाली. आमच्या क्वार्टेटच्या पहिल्या दौऱ्यात आम्ही नऊ कार्यक्रमांसाठी सात रचना घेऊन निघालो होतो. प्रत्येकाच्या आवडीचं काहीतरी त्यात होतं, म्हणून निघताना आम्ही खूश होतो. पाचव्या संध्याकाळी रंगमंचावर बसलो, सूर मिळवले, पहिल्या व्हायोलिनने श्वास घेतला आणि आम्ही तिघांनी हायडन सुरू केलं. चौथ्याचा बो (गज) तारेच्या वर तसाच थांबलेला. त्याच्यासमोर मोझार्ट उघडं होतं, कारण आदल्या रात्री आम्ही मोझार्टने सुरुवात केली होती. आम्ही थांबलो, त्याने पानं बदलली, पुन्हा सुरू केलं. श्रोत्यांनी ते मोठ्या मनाने घेतलं. पण मला आजही सलते ती ही चूक नाही. घरी परतल्यावर ध्वनिमुद्रणं ऐकली तेव्हा कळलं, की सातपैकी एकही रचना पहिल्या रात्रीपेक्षा शेवटच्या रात्री पुढे गेलेली नव्हती. प्रत्येक रचना दोन-तीनदाच वाजली. वाढायला तिला वेळच मिळाला नाही.

दौऱ्यात घरच्या तालमीत कधीच न मिळणारी एक गोष्ट मिळते. तीच रचना सहा वेगवेगळ्या खोल्यांत, सहा वेगवेगळ्या गर्दींसमोर वाजवता येते. तिसऱ्या रात्री लक्षात येतं, की अमुक जागी आपण उगाच घाई करतोय. पाचव्या रात्री दुसरं व्हायोलिन एक आतला सूर किंचित पुढे आणतं आणि सगळी ओळ उजळते. म्हणून 'आपल्याला काय आवडतं' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी एकमेकांना विचारा, 'अकराव्या रात्रीही जिच्यात शोधायला काही उरेल आणि थकलेल्या हातांनीही जी उभी राहील, अशी रचना कोणती?' त्या एका रचनेभोवती बाकीचं बसवा.

तुमच्या यादीत मला ती रचना शूबर्टची दिसते, 'डेथ अँड द मेडन', डी मायनर या स्वरपट्टीतलं 1824 सालचं क्वार्टेट. तुम्ही ते बरीच वर्षं वाजवताय असं धरून चालते, कारण सहा वर्षांच्या क्वार्टेटने ते हाताळलं नसेल असं क्वचितच होतं. दुसऱ्या मूव्हमेंटची, म्हणजे दुसऱ्या भागाची, चाल शूबर्टने आपल्याच 1817 च्या गाण्यातून घेतलीय आणि त्यावर व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच चालीची बदलती रूपं, बांधलीत. नाव ऐकूनच श्रोते ओळखतात, त्यामुळे आयोजकांची 'ओळखीचं काहीतरी'ची मागणीही इथेच पुरी होते. त्या मागणीचा राग धरू नका. आयोजक रिकाम्या खुर्च्यांच्या धास्तीने बोलत असतो. सगळा कार्यक्रम ओळखीचा असावा असं त्याचं म्हणणं नसतं. श्रोत्याला दारातून आत यायला एक ओळखीचा हात मिळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.

आता ओपस 131. पहिल्या व्हायोलिनला माझ्यातर्फे सांग, की ही इच्छा मोठी आहे आणि योग्यही आहे, पण या दौऱ्यावर नको. सात मूव्हमेंट, जवळजवळ 40 मिनिटं, मध्ये कुठेही थांबा नाही. सूर पुन्हा मिळवायला उसंत मिळत नाही. सी शार्प मायनरमध्ये मोकळ्या तारांचा आधार जवळजवळ नसतोच, त्यामुळे तार जरा उतरली की चौघांचंही सगळं बिघडत जातं. एका गावची दमट हवा, दुसऱ्या गावची कोरडी, वर दिव्यांची धग. दौऱ्यावर खुंट्या रोज वेगळं वागतात. आणि तू पत्रासोबत पाठवलेल्या एका कच्च्या आराखड्यात तर 131, मग बार्टोक, मध्यंतर, मग शूबर्ट असं आहे! नुसतं संगीतच 103 मिनिटं, त्यातली 63 मध्यंतराआधी. तासाभराने श्रोत्याचे कान भरलेले असतात आणि त्याच वेळी तुम्ही त्याला बार्टोकचा शेवट ऐकवणार. तिथे बार्टोकवरही अन्याय होतो.

शेवटाला किती जड ठेवायचं, हा प्रश्न खुद्द बीथोव्हनलाही चुकला नव्हता. मार्च 1826 मध्ये व्हिएन्नात ओपस 130 पहिल्यांदा वाजलं, तेव्हा त्याच्या शेवटी एक प्रचंड फ्यूग होती, म्हणजे एकाच चालीचा चारही वाद्यं पाठलाग करतात अशी रचना. लोकांनी मधल्या दोन मूव्हमेंट पुन्हा वाजवायला लावल्या, फ्यूगपाशी मात्र ते गोंधळले. पुढे प्रकाशकाच्या सांगण्यावरून बीथोव्हनने नवा शेवट लिहिला आणि फ्यूग ओपस 133 म्हणून वेगळी छापली गेली. फ्यूग थोर आहे यात शंका नाही. पण कुठली गोष्ट कशानंतर येते यावर ती कशी ऐकली जाते हे अवलंबून असतं, आणि कार्यक्रम आखणाऱ्याचं काम नेमकं तेच आहे.

तर मी असं करीन. पहिला कार्यक्रम: हायडनचं ओपस 33 क्रमांक 2, मग बार्टोकचं चौथं, मध्यंतर, मग शूबर्ट. साधारण 18, 23 आणि 40 मिनिटं. दुसरा कार्यक्रम: तेच हायडन, मग शोस्ताकोविचचं आठवं, मध्यंतर, मग राव्हेल. साधारण 18, 20 आणि 28. दोन्हीकडे सुरुवातीला एकच हायडन. मोझार्ट घरी राहील.

हेच हायडन का, ते जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या रचनेकडे सगळेच 'हात मोकळे करायला' म्हणून बघतात आणि तिथेच फसतात. पहिली रचना श्रोत्यांचे कान तयार करते. 1781 च्या या क्वार्टेटला 'द जोक' म्हणतात ते त्याच्या शेवटामुळे. शेवटच्या पानावर हायडन आधी एक छोटा संथ तुकडा मध्येच आणतो. मग मूळ चाल पुन्हा येते, पण तुकड्यातुकड्याने, प्रत्येक तुकड्यामागे विराम. मग आणखी लांब विराम. लोकांना वाटतं संपलं. आणि मग तोच पहिला तुकडा अगदी हलक्या आवाजात येतो आणि खरंच संपतं. हसू येतंच, पण त्याहून महत्त्वाचं काहीतरी त्या मिनिटभरात घडलेलं असतं. सगळं सभागृह शांतता ऐकायला शिकलेलं असतं. आता पुढे काय येईल म्हणून पुढे झुकलेले हे कान तुम्हाला आयते मिळतात.

त्या शांततेतून शोस्ताकोविचचं आठवं सुरू होतं ते एकट्या चेलोवर: डी, ई फ्लॅट, सी, बी. जर्मन स्वरनामांत ही त्याच्या नावाची आद्याक्षरं. मग एकेक वाद्य त्यात मिसळत जातं. हायडन ई फ्लॅट मेजरमध्ये संपलेलं असतं आणि हे सी मायनरमध्ये आहे. दोन्हींचे फ्लॅट, म्हणजे कोमल, सूर तेच, त्यामुळे कानाला धक्का न बसता फक्त उजेड जातो. हा बदल मी कितीतरी वेळा वाजवलाय आणि दर वेळी पहिल्या रांगेतलं कुणीतरी खुर्चीत मागे सरकतं, ते चेलोच्या जागेवरून दिसतं. शोस्ताकोविचने हे क्वार्टेट जुलै 1960 मध्ये ड्रेस्डेनजवळ तीन दिवसांत लिहिलं. पाचही मूव्हमेंट सलग वाजतात आणि शेवटी सगळं विझत जातं. संपल्यावर बो लगेच खाली घेऊ नका. मध्यंतर त्या शांततेनंतरच सुरू होऊ द्या.

आणि मग राव्हेल. 1903 सालचं, एफ मेजरमधलं. मध्यंतरानंतर पहिल्याच ओळीत खिडकी उघडल्यासारखं वाटतं. कित्येक जण शोस्ताकोविचला शूबर्टसोबत ठेवतात. एकीकडे युद्धाच्या बळींना अर्पण केलेली रचना, दुसरीकडे 'डेथ अँड द मेडन', म्हणजे विषय 'मृत्यू'. माहितीपत्रकावर ते फार अर्थपूर्ण दिसतं. पण मी ते दोनदा करून पाहिलंय. श्रोता घरी जाताना सुन्न असतो आणि त्याला दोन्ही रचना वेगळ्या आठवत नाहीत. विषय कागदावर जुळतो, कानात जुळायला हवा तो उजेड आणि अंधार. म्हणूनच हायडनचं ओपस 76 क्रमांक 2, ते फार देखणं असूनही, शूबर्टच्या संध्याकाळी घेऊ नका. दोन्ही डी मायनरमध्ये आहेत.

बार्टोककडे येते. 1928 सालचं हे चौथं क्वार्टेट पाच मूव्हमेंटचं आहे आणि कमानीसारखं बांधलेलं आहे: पहिली आणि पाचवी एका जातीच्या, दुसरी आणि चौथी एका जातीच्या, मधोमध संथ तिसरी. त्या तिसरीत स्थिर धरलेल्या सुरांवर चेलो बराच वेळ एकटा बोलत राहतो. तुमच्या उठून गेलेल्या चेलोवाल्याला हे आठवण करून दे. शोस्ताकोविचमध्ये त्याची सुरुवात आहे, बार्टोकमध्ये त्याचा मध्य आहे, शूबर्टच्या व्हेरिएशन्समध्येही एक सबंध व्हेरिएशन त्याच्या हातात आहे. या आराखड्यात कुणी उपाशी राहत नाही. तुलाही राव्हेल मिळतंय.

पण बार्टोकबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. चौथी मूव्हमेंट पूर्ण पिझिकाटो, म्हणजे बो न वापरता बोटाने तार छेडून वाजवायची आहे, आणि त्यात तार इतक्या जोराने ओढायची की ती फिंगरबोर्डवर आपटते. एका दौऱ्यात आम्ही ती सलग चार रात्री वाजवली. चौथ्या रात्री माझ्या उजव्या तर्जनीच्या टोकाला फोड आला आणि फुटला. मध्यंतरात पट्टी लावली, पण पट्टीने बोची काडी बोटाखाली जाणवेना. आणि मध्यंतरानंतर शूबर्ट, त्यात चेलोचं ते व्हेरिएशन. ज्या जागी आवाज नुसता तरंगत राहायला हवा, तिथे मी बो धरून ठेवायची धडपड करत होते. म्हणून सांगते, बार्टोक सलग दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवू नका. तालमीत ती मूव्हमेंट पूर्ण जोराने वाजवू नका, आणि तर्जनी-मधलं बोट आलटून पालटून वापरायची सवय आजपासून लावा. बार्टोकने मध्यंतराआधीच संपायला हवं, याचंही एक कारण हेच. त्या आपटण्याने तारा उतरतात. मध्यंतरात त्या नीट लावायला वीस मिनिटं मिळतात.

बार्टोक ऐकायला अवघड, लोक घाबरतील, असं आयोजक म्हणतीलच. त्यावर व्याख्यान देऊ नका. दुसऱ्या व्हायोलिनवालीने उठून दीड मिनिट बोलावं, कारण ही रचना तिला हवीय आणि ते तिच्या आवाजात ऐकू येईल. पहिल्या मूव्हमेंटमध्ये सुरुवातीलाच चेलोवर एक सहा सुरांचा तुकडा येतो, थोडा चढतो आणि लगेच उतरतो. चेलोवाल्याने तो एकटा वाजवून दाखवावा. मग तोच तुकडा शेवटच्या मूव्हमेंटमध्ये कसा येतो ते चौघांनी मिळून वाजवून दाखवावं. 'हा सहा सुरांचा तुकडा तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल' एवढं सांगून बसावं. श्रोत्याला धरायला एक दोरी मिळाली की तो तेवीस मिनिटं तुमच्यासोबत चालतो. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय, की याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही.

आता तुझं यानाचेक. तुला ते का हवंय मला कळतं. त्यात व्हिओला इतर बहुतेक क्वार्टेट्सपेक्षा जास्त बोलतो, आणि मुळात तर यानाचेकच्या मनात व्हिओलाच्या जागी व्हिओला दामोर, हा त्याचा जुना भाऊबंद, होता. 1928 मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, त्याने कामिला स्टोस्लोव्हाला लिहिलेल्या शेकडो पत्रांचं हे संगीत केलं. ऑगस्टमध्ये तो गेला, आणि जाहीर कार्यक्रमात ते त्याच्या मृत्यूनंतर वाजलं. असं संगीत एका कार्यक्रमात तिसऱ्या क्रमांकावर, सगळ्यांचं मन राखण्यासाठी कोंबू नये. त्याची चाल क्षणाक्षणाला बदलते, चौघांनी एका श्वासाने वळावं लागतं. दौऱ्याच्या थकव्यात ते वळण पहिल्यांदा निसटतं. ते पुढच्या हंगामात घ्या, आणि तेव्हा त्याच्याभोवती सगळा कार्यक्रम बांधा. बाकीच्या तिघांकडून हे आत्ताच कबूल करून घे. 131 ची मागणी मागे घेणाऱ्या पहिल्या व्हायोलिनलाही तसाच शब्द दे. मग कुणाचं काही काढून घेतलं असं वाटणार नाही.

हे सगळं चौघांसमोर मांडताना एक पद्धत वापर. पुढच्या बैठकीत वाद्यं पेटीतच राहू देत. प्रत्येकाने न बोलता कागदावर दोनच गोष्टी लिहायच्या. अकराव्या रात्री मला काय वाजवायला आवडेल, आणि काय सोडायला मी तयार आहे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आधी वाचा. आपण सोडायला तयार आहोत हे दुसऱ्याला दिसलं, की त्याचीही मूठ सैल होते. आमच्याकडे या एका गोष्टीने बरीच भांडणं सुरू व्हायच्या आधीच मिटली.

मग एक मोठा कागद घ्या आणि 19 दिवसांच्या 19 ओळी आखा. प्रत्येक ओळीत प्रवासाचे तास, सभागृह कसं आहे, आणि तालमीला तिथे किती वेळ मिळणार. कार्यक्रम सगळ्यात शेवटी लिहायचा. ज्या दिवशी सहा तास प्रवास करून संध्याकाळी वाजवायचंय, त्या दिवशी 66 मिनिटांचा दुसरा कार्यक्रम. जिथे आदल्या दिवशी पोचताय आणि झोप नीट होणार आहे, तिथे 81 मिनिटांचा पहिला. शूबर्टची शेवटची मूव्हमेंट टारांटेला या वेगवान इटालियन नाचाच्या चालीत धावते आणि शेवटी आणखी वेग घेते. दुखऱ्या खांद्याने ती वाजवली की ती नुसती घाईची वाटते. जवळजवळची दोन गावं असतील तर तिथे वेगवेगळे कार्यक्रम ठेवा, कारण काही रसिक दोन्हीकडे येतात, आणि असे रसिक जपायचे असतात. संगीताच्या मिनिटांत मध्यंतराची वीस आणि ये-जा, सूर मिळवणं, टाळ्या यांची आठ-दहा मिनिटं मिळवा, आणि तो आकडा आयोजकाला कळवा. तेवढ्यावर सभागृहाचे कर्मचारी, शेवटची गाडी पकडणारे श्रोते, सगळे अवलंबून असतात.

तासाभराच्या कार्यक्रमाचं उत्तर आता तयारच आहे: हायडन आणि शूबर्ट, 58 मिनिटं. हायडन इतक्या हळू संपतं आणि शूबर्ट इतक्या जोराने सुरू होतं, की मध्ये मध्यंतर नाही याची कुणाला खंतही वाटणार नाही. टाळ्यांनंतर सूर तपासायला मात्र मिनिटभर घ्या.

दगडी चर्चमध्ये दुसरा कार्यक्रम ठेवा. बार्टोकची म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावून वाजवायची वेगवान दुसरी मूव्हमेंट घुमणाऱ्या जागेत नुसती धूसर होईल. शोस्ताकोविचमध्ये पहिली, चौथी आणि पाचवी मूव्हमेंट संथ आहे. त्यांना दगडी भिंती साथ देतील. वेगवान दुसरी मूव्हमेंट किंचित आवरती घ्या आणि बो आखूड ठेवा. राव्हेलमध्ये पिझिकाटोच्या मूव्हमेंटला तोच नियम लावा.

हक्कांचं थोडक्यात. शोस्ताकोविच 1975 मध्ये गेला, त्यामुळे बऱ्याच देशांत त्याच्या रचनेवर अजून हक्क लागू आहेत. हायडन आणि शूबर्टला तो प्रश्न नाही. बार्टोक 1945 मध्ये आणि राव्हेल 1937 मध्ये गेला, आणि नियम देशागणिक बदलतात. कार्यक्रमाची यादी रचनेच्या नावासह, सगळ्या मूव्हमेंटच्या नावांसह प्रत्येक आयोजकाला वेळेत लेखी द्या आणि सादरीकरणाचं शुल्क कोण भरणार ते करारात लिहून घ्या. पार्ट्सची, म्हणजे प्रत्येकाच्या स्वरलिपीची, एक छापील प्रत पेटीत असू दे, तुम्ही टॅब्लेटवर वाचत असलात तरी.

एन्कोरबद्दल, म्हणजे टाळ्यांनंतर वाजवायच्या जादा रचनेबद्दल, तू विचारलं नाहीस, पण तिथे घाई झाली तर आखलेली संध्याकाळ शेवटच्या तीन मिनिटांत विस्कटते. राव्हेलनंतर टाळ्या थांबल्या नाहीत, आणि आधीच्या सलग दोन रात्री बार्टोक झालेलं नसेल, तर बार्टोकची पिझिकाटो मूव्हमेंट वाजवा. ती तीन मिनिटांच्या आतबाहेर आहे, वेगळी तालीम लागत नाही, आणि ज्यांनी बार्टोकचं नाव ऐकून नाक मुरडलं असतं ते हसतमुखाने बाहेर पडतात. शूबर्टनंतर मात्र काहीही वाजवू नका. वाकून नमस्कार करा, पुन्हा या, पुन्हा वाका आणि जा. डी मायनरमधल्या त्या शेवटानंतर गोड काहीतरी वाजवणं म्हणजे श्रोत्याला जे नुकतंच दिलं ते परत मागून घेणं आहे.

निघण्याआधी दोन्ही कार्यक्रम एकेकदा पूर्ण वाजवून पाहा, मध्यंतरासकट, संध्याकाळच्याच वेळी, आणि तेही दिवसभर दमल्यानंतर. दोन मित्रांना बोलवा, ज्यांना संगीत आवडतं पण वाजवता येत नाही. 'कसं झालं' असं त्यांना विचारू नका. 'मन कुठे भरकटलं' ते विचारा. दोघांनीही एकच जागा सांगितली तर तिथे तुमच्या वाजवण्यात काहीतरी सैल आहे. मग ध्वनिमुद्रण काढून फक्त तेवढी चार मिनिटं ऐका. सगळं ऐकायला बसलात तर पुन्हा भांडाल.

आणि त्या चर्चमध्ये पोचलात, की बाकी काही करण्याआधी हायडनचं शेवटचं पान वाजवा. तिथे विराम रिकामे राहत नाहीत, आधीचा सूर त्यांत भरून राहतो, आणि तो विरायच्या आत पुढचा तुकडा सुरू केलात तर ती गंमत श्रोत्यांपर्यंत पोचत नाही. तिघांनी वाजवायचं आणि एकाने शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहायचं, आळीपाळीने. विराम किती लांबवायचा ते तिथूनच ऐकू येतं. पहिल्यांदा चेलोवाल्याला पाठव.

तुझी,
ताई